निनादाचें एकच यंत्र

इ. स. १९३६ च्या एप्रिलअखेर महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगांव या खेड्यांत राहावयास गेले. पुढें १९४० मध्यें याच खेड्याचें नांव सेवाग्राम असें झालें. तेथील कुट्या माती, बांबू व कौलें यांच्या. आणि सकाळ-संध्याकाळची प्रार्थना होई ती उघड्या आकाशाखालीं, भुईवर बसून. त्याच वर्षीं तुकडोजी महाराज गांधीजींच्या निमंत्रणावरून तेथें आले व सुमारें एक महिना राहिले. हातांत एक खंजिरी आणि ओठांवर भजन, एवढ्याच सामग्रीवर हजारों माणसांस रात्र रात्र बसवून ठेवणाऱ्या या गायकाची कीर्ति तोंवर विदर्भांत दूरवर पसरली होती. उघड्या मैदानांत गाणाऱ्याचा आवाज एकदां निघाला कीं निघाला. त्यास अडवावयास भिंत नाहीं, कोंडून ठेवावयास छत नाहीं. ऐकणाऱ्याच्या कानीं येतो तो केवळ गळा, शब्द आणि खंजिरीची थाप.

विजापूरच्या गोल घुमटांत याच्या अगदीं उलट घडतें. १६५६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या मुहंमद आदिलशहाच्या या कबरीच्या वरच्या सज्जांत एक टाळी वाजविली, तर ती एकामागून एक अशी अनेक वेळां ऐकूं येते, आणि भिंतीशीं तोंड नेऊन कुजबुजलेला शब्द पलीकडच्या बाजूस उभ्या असलेल्या माणसास स्पष्ट समजतो. तेथें एखाद्यानें भजन म्हटलें तर दुसऱ्या चरणाच्या आंत पहिल्या चरणाचे शब्द येऊन मिसळतील आणि कांहींच कळेनासें होईल. गाणें एकच, गळा एकच. परंतु जागा बदलली कीं गाण्याचा अर्थसुद्धां बदलल्यासारखा वाटतो. परत येणारा आवाज ही जागेची साक्ष होय. आज घरीं बसून ध्वनिमुद्रण करणारास ही साक्ष एका लहानशा यंत्राच्या साह्यानें हवी तशी घडवितां येते. असें एकच यंत्र जवळ असेल तर तें कसें वापरावें, हा प्रश्न वरवर कारागिरीचा दिसतो. पण त्याचें उत्तर शंभर-सव्वाशें वर्षांच्या इतिहासांत विखुरलेलें आहे.

प्रथम दोन गोष्टींतला भेद पाहिला पाहिजे. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४० मीटर इतक्या वेगानें जातो. सतरा मीटरांवरच्या भिंतीस लागून तो परत येईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग लोटतो, आणि कान त्यास मूळ शब्दापासून निराळा ओळखतो. हा पडसाद. खोली लहान असली म्हणजे भिंती, जमीन व छत यांवरून होणारीं परावर्तनें इतक्या थोड्या अंतरानें आणि इतक्या संख्येनें येतात कीं कानास तीं वेगवेगळीं मोजतां येत नाहींत; मूळ स्वराच्या मागें एक विरत जाणारी शेपटी लागल्यासारखी वाटते. हा निनाद. ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारांत पहिल्यास इको आणि दुसऱ्यास रिव्हर्ब म्हणतात. देवळाच्या गाभाऱ्यांतील ओंकार घुमतो तो निनादामुळें. डोंगराच्या दरींतून आपलीच हांक आपणांस परत मिळते तो पडसाद.

निनादास मोजमाप लावण्याचें श्रेय वॉलेस सॅबिन या अमेरिकन अध्यापकाकडे जातें. १८९५ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांतील एका नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचें बोलणें कोणास समजेना, म्हणून त्याची चिकित्सा करण्याचें काम या तरुण प्राध्यापकावर सोंपविण्यांत आलें. रात्रीच्या निवांत वेळीं ऑर्गनची एक नळी वाजवावयाची, ती थांबवावयाची आणि आवाज पुरता विरेपर्यंत किती वेळ लागतो तें घड्याळानें पाहावयाचें, असा त्याचा क्रम होता. रिकाम्या सभागृहांत आवाज साडेपांच सेकंद रेंगाळे. जवळच्या नाट्यगृहांतील बैठकीच्या गाद्या आणून पसरल्यावर तो काळ झपाट्यानें कमी होई. यावरून त्यानें नियम बसविला: जागा जितकी मोठी तितका निनाद लांब, आणि ध्वनि शोषून घेणाऱ्या वस्तु जितक्या अधिक तितका तो आंखूड. बॉस्टन येथील १९०० सालीं उघडलेलें संगीतगृह त्याच्या गणितावर उभारलें गेलें. सेवाग्रामच्या कुटींतील मातीची भिंत व चटई, आणि शहरांतील घराची गुळगुळीत फरशी व सिमेंटचें छत, यांच्या आवाजांत फरक कां पडतो याचा उलगडाही याच नियमानें होतो.

तथापि यंत्रानें पडसाद निर्माण करण्यापूर्वीं माणसें तो स्वतःच निर्माण करीत होतीं, हें महाराष्ट्राच्या गायनपरंपरेकडे पाहिल्यास ध्यानांत येतें. पोवाड्यांत शाहिराची ओळ संपतांच मागे उभे असलेले झीलकरी तिचें शेवट उचलतात व ‘जी जी’ करीत लांबवितात. दिंडींत पुढच्यानें म्हटलेला चरण टाळकरी परत म्हणतात. ख्यालगायकाच्या मागें सारंगी किंवा हार्मोनियम त्याच्या तानेच्या पाठोपाठ, किंचित् उशिरानें, तीच वाट चालते. मिरजेच्या कारागिरानें जवारी साधलेला तंबोरा तर षड्जाचा अखंड निनादच होय. या सर्वांत एक मर्यादा पाळलेली दिसते. झीलकरी शाहिराचा शब्द पुरा झाल्याशिवाय तोंड उघडीत नाहीं. सारंगीवाला गवयाच्या पुढें जात नाहीं. पडसादानें मूळ शब्दास जागा दिली पाहिजे, हा नियम यंत्रांच्या किती तरी आधीं येथें रूढ होता.

ध्वनिमुद्रणाचा आरंभ मात्र निनादाच्या शत्रुत्वानें झाला. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां मायक्रोफोन नव्हता. गायिकेनें एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें. त्या आवाजाच्या जोरानें सुई हालावयाची व मेणाच्या तबकडीवर रेघ उमटावयाची. खोलीचा घुमारा टिपण्याइतकी शक्ति त्या यंत्रांत नव्हतीच. १९२५ नंतर विजेचा मायक्रोफोन आला, कुजबूजसुद्धां टिपली जाऊं लागली, आणि मग खोलीही ऐकूं येऊं लागली. नभोवाणीच्या पहिल्या कलागृहांत भिंतींवर जाड पडदे सोडले जात, त्याचें कारण हेंच. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें केंद्र सुरू झालें आणि जुलै १९४८ मध्यें नागपूरचें. वर्ध्यांतील घरांतून नागपूरचा निवेदक ऐकूं येऊं लागला तो जणूं समोरच्या खुर्चींत बसला आहे इतक्या जवळून. त्या आवाजास स्वतःची खोली नव्हती. म्हणून तो ज्या घरीं जाई तेथील खोली अंगावर घेई. कोरड्या आवाजाचा हा मोठा गुण आहे, आणि पुढें घरगुती ध्वनिमुद्रणाच्या विचारांत तो विसरतां कामा नये.

चित्रपटानें हा प्रश्न उलटा केला. कोल्हापुरांत १९२९ सालीं स्थापन झालेल्या व १९३३ मध्यें पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीच्या आरंभीच्या बोलपटांत नट कॅमेऱ्यापुढें स्वतःच गात असे; जेथें तो उभा, तेथलाच आवाज. १९३५ पासून पार्श्वगायनाची पद्धति हळूहळू रूढ झाली, गाणें आधीं बंद खोलींत मुद्रित होऊं लागलें आणि चित्र नंतर नदीकांठीं, राजवाड्यांत वा अरण्यांत घेतलें जाऊं लागलें. आवाज एका जागीं आणि तोंड दुसऱ्या जागीं, अशी ताटातूट झाली. तेव्हां आवाजास त्या दुसऱ्या जागेची साक्ष कोठून आणावी, हा प्रश्न ध्वनिलेखकापुढें उभा राहिला.

१९४९ च्या ‘महल’ या चित्रपटानें त्यास दिलेलें उत्तर विख्यात आहे. ओसाड हवेलींत एक गूढ स्त्री गात आहे. तिचा आवाज प्रथम दुरून येतो व मग जवळ येतो, असा प्रसंग. संगीत खेमचंद प्रकाश यांचें. गाणार लता मंगेशकर, वय वीस वर्षांच्या आंतबाहेर. त्यांनींच पुढें सांगितल्याप्रमाणें, मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागीं ठेवण्यांत आला आणि त्यांनीं कोपऱ्यांतून गात गात सावकाश पावलें टाकीत त्याच्याजवळ यावयाचें, असें ठरलें. पाऊल चुकलें कीं पुन्हां आरंभापासून. मायक्रोफोनपासून दूर असतांना गळ्याचा थेट आवाज थोडा आणि खोलीचा निनाद अधिक. जवळ येतां येतां निनाद मागें पडतो व गळा पुढें येतो. दूरपणा म्हणजे केवळ मंदपणा नव्हे. कोरडा आवाज व निनाद यांच्या प्रमाणांतला तो फरक आहे, हें सत्य या एका गाण्यानें लाखों कानांस न सांगतां शिकविलें. येथें निनादाचें यंत्र होतें एक खोली, आणि त्याची कळ होती गायिकेचीं पावलें. १९६० च्या ‘मुगल-ए-आझम’ मधील शीशमहालाच्या गाण्यासाठीं नौशाद यांनीं लताबाईंस स्नानगृहांत उभें करून गावयास लाविलें, अशीही आख्यायिका चित्रपटसृष्टींत सांगतात.

स्नानगृहाची युक्ति परदेशांतही अवतरली होती. लंडन येथें नोव्हेंबर १९३१ मध्यें उघडलेल्या एचएमव्ही कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत निनादासाठीं एक निराळी रिकामी खोली होती. गाण्याचा कांहीं अंश तेथें कर्ण्यांतून सोडावयाचा, दुसऱ्या टोंकाच्या मायक्रोफोननें परत घ्यावयाचा आणि मूळ गाण्यांत मिसळावयाचा. १९४७ मध्यें शिकागोच्या बिल पटनम यानें हेंच काम एका स्नानगृहाकडून करून घेतलें व हार्मोनिकांची त्याची तबकडी अतिशय खपली. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, मोठ्या कंपनीपाशींसुद्धां अशी खोली एक, फार तर दोन-तीन असत. गायक, व्हायोलिनें, पितळी वाद्यें, सर्वांचा निनाद त्याच खोलींतून फिरून येई. त्या काळच्या तबकड्यांत सगळा वाद्यमेळ एकाच छताखालीं बसलेला वाटतो, त्याचें हें एक कारण होय.

खोली प्रत्येकास परवडत नाहीं, म्हणून तिचीं सोंगें निघालीं. दूरच्या टेलिफोनच्या तारेंतला विलंब प्रयोगशाळेंत दाखविण्यासाठीं बेल कंपनीनें योजिलेली तारेची स्प्रिंग लॉरेन्स हॅमंड यानें आपल्या ऑर्गनमध्यें बसविली. स्वर स्प्रिंगमधून इकडून तिकडे धांवतांना निनाद उत्पन्न होई. १९५७ मध्यें जर्मनीच्या ईएमटी कंपनीनें सुमारें दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असा पोलादी पत्रा चौकटींत ताणून टांगला. या यंत्राचें वजन पावणेतीनशें किलोच्या घरांत होतें. तरीही खोलीपेक्षां तें लहानच. पडसादासाठीं फीत उपयोगी पडली. फीत आधीं ध्वनि लिहिणाऱ्या डोक्यावरून व मग वाचणाऱ्या डोक्यावरून जाते. तिचा वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर आणि दोन डोक्यांतलें अंतर ५ सेंटिमीटर असेल, तर शब्द सेकंदाच्या सुमारें आठव्या भागानें परत ऐकूं येतो. १९५४ पासून मेंफिसच्या सॅम फिलिप्स यानें एल्व्हिस प्रेस्लीच्या गळ्यास याच उपायानें झणक आणिली. १९५९ चें इकोप्लेक्स व १९७४ चें जपानी ‘स्पेस इको’ हीं त्याच तत्त्वावर चालणारीं, उचलून नेण्याजोगीं यंत्रें.

मनफ्रेड श्रोडर यानें १९६० नंतर लवकरच निनाद केवळ गणितानें कसा निर्माण करतां येईल तें दाखविलें. १९७६ मध्यें तसें पहिलें यंत्र बाजारांत आलें, आणि १९८६ मध्यें अलेसिस कंपनीचें एक यंत्र चारशें डॉलरच्या आंत मिळूं लागलें. त्याच्या आधीं, १९७९ मध्यें, टिअॅक कंपनीनें साध्या कॅसेटवर चार ट्रॅक लिहिणारा पोर्टास्टुडिओ काढला होता. ध्वनिमुद्रण अशा रीतीनें माजघरांत आलें. आणि घरगुती कलावंतापाशीं, पूर्वींच्या मोठ्या कंपनीप्रमाणेंच, निनादाचें किंवा पडसादाचें साधन बहुधा एकच असे.

एका साधनानें काय साधतें याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंत घडलें. १९८२ च्या जानेवारींत ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकानें न्यू जर्सींतील भाड्याच्या घरीं, शयनगृहांत बसून, असाच चार ट्रॅकांचा पोर्टास्टुडिओ व दोन मायक्रोफोन घेऊन कांहीं गाणीं मुद्रित केलीं. हेतु एवढाच कीं वादकांस नमुना ऐकवावा. मिश्रण करतांना एक इकोप्लेक्स तेवढें मध्यें लाविलें आणि सर्व एका साध्या कॅसेटवर उतरविलें. पुढें सर्व वाद्यवृंद जमवून तींच गाणीं मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांत करून पाहिलीं; परंतु त्या कॅसेटवरील एकाकीपणा कांहीं केल्या परत येईना. अखेर ती कॅसेटच तबकडीवर चढविण्यांत आली व सप्टेंबर १९८२ मध्यें ‘नेब्रास्का’ या नांवानें प्रसिद्ध झाली. त्या गाण्यांतील माणसें हद्दपार झालेलीं, घरदार तुटलेलीं. आणि आवाजाच्या मागें लागलेला तो एकच पडसाद त्या सर्वांस एकाच ओसाड रस्त्यावर आणून उभा करतो. गिटार एका दालनांत, गळा दुसऱ्या दालनांत, हार्मोनिका तिसऱ्यांत, अशी विभागणी करण्याची सोयच तेथें नव्हती. गैरसोय म्हणून जी वाटली तीच एकवाक्यता ठरली.

साधनाविषयींचा असा विचार वर्ध्यास नवा नाहीं. १९३४ च्या डिसेंबरांत स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें काम वर्ध्याच्या मगनवाडींत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं चाले, आणि तेथील मगन संग्रहालय १९३८ मध्यें उघडलें. घाणी, चरखा, हातकागद यांचा तेथें अभ्यास होई तो नव्या साधनांची रास रचण्यासाठीं नव्हे. हातीं असलेलें साधन कोणतें काम करतें, त्याचा मालक कोण आणि त्यापासून पुरतें काम कसें घ्यावें, असे प्रश्न तेथें विचारले जात. निनादाच्या यंत्रास हे प्रश्न विचारले असतां वरील इतिहासांतून पुढील उत्तरें मिळतात.

पहिलें उत्तर वाटणीचें. नवखा मनुष्य यंत्र एका गळ्याच्या आड बसवितो, म्हणजे गळा पुरताच त्यांतून जातो आणि बाकीचीं वाद्यें कोरडीं राहतात. लंडनच्या रिकाम्या खोलीप्रमाणें यंत्र सर्वांच्या बाजूस ठेवावें हें श्रेयस्कर. मिक्सरवर प्रत्येक ट्रॅकपुढें जें एक वेगळें बटण असतें, त्यानें त्या त्या आवाजाचा हवा तेवढा अंश यंत्राकडे धाडावा. यंत्रांतून केवळ निनाद परत घ्यावा, मूळ आवाज नव्हे. आणि तो कोरड्या आवाजाखालीं मिसळावा. मग ‘महल’ मधील पावलांचें काम तें बटण करूं लागतें. भजनाची मुख्य गायिका पुढें हवी, तिचा अंश थोडा; हार्मोनियम तिच्या मागें, त्याचा कांहीं अधिक; टाळ आणि मागची झील सर्वांत दूर, त्यांचा त्याहून अधिक. खोली एकच, परंतु तिच्यांत पुढची व मागची रांग दिसूं लागते. वीस यंत्रें वापरून वीस खोल्या निर्माण केल्या तर ही बैठक मोडते.

दुसरें उत्तर काळाचें. मध्यलयींतील मिनिटास ८० मात्रांचें गाणें घेतलें तर एक मात्रा पाऊण सेकंदाची होते. निनाद चार सेकंदांचा ठेविला, तर एका शब्दाची शेपटी पुढच्या पांच मात्रांवरून फरफटत जाईल आणि गोल घुमटांतील भजनाची गत होईल. दीड सेकंद पुरे. द्रुत लयींत त्याहून कमी. पडसाद वापरावयाचा तर तो पाऊण किंवा तिच्या अर्ध्या सेकंदावर, म्हणजे मात्रेवर बसवावा. तसा बसला कीं तो ठेक्याचा भाग होतो, चुकला कीं चुकार टाळकऱ्यासारखा ऐकूं येतो. पुष्कळ यंत्रांत शब्द आणि निनादाचा आरंभ यांमध्यें थोडें अंतर ठेवण्याची सोय असते. सेकंदाचा पन्नासावा भाग एवढें अंतर दिलें तरी ‘ठ’, ‘ट’, ‘च’ यांसारखीं व्यंजनें मोकळीं उच्चारलीं जातात व मागून निनाद येतो. झीलकऱ्याची मर्यादा ती हीच.

तिसरें उत्तर स्वराचें. डग्ग्याची घुमक किंवा तंबोऱ्याचा खर्ज निनादांत गेला कीं सगळें गाणें गढूळ होतें. म्हणून खर्जाचा भाग यंत्राकडे जाण्यापूर्वींच कापावा, आणि डग्गा शक्यतों कोरडा ठेवावा. अति तीव्र स्वरांचा निनाद सिसकारीसारखा कानास टोंचतो. खऱ्या खोलींत हवा व कपडे तो आधींच शोषून घेतात, म्हणून यंत्रांतही तो मंद करणें नैसर्गिक. उरतो तो मधला भाग, आणि मनुष्याचा गळा तेथेंच राहतो.

चौथें उत्तर क्रमाचें. चार ट्रॅकांच्या कॅसेटच्या काळांत एकाच यंत्राकडून दोन कामें घ्यावयाचीं असत, तेव्हां झांजेवर पडसाद देऊन तो पडसादासहच फितीवर लिहीत व यंत्र मोकळें झालें कीं गळ्याच्या निनादासाठीं लावीत. युक्ति चांगली, परंतु एकदां लिहिलेला निनाद पुसतां येत नाहीं. आजच्या संगणकावर ही अडचण उरलेली नाहीं. कोरडा ट्रॅक निराळा जपून ठेवतां येतो, आणि ठेविलाच पाहिजे.

या शेवटच्या ‘पाहिजे’ मागें मोठें कारण आहे. गाय पॉइतवें व हेमा राईरकर यांनीं १९८० नंतरच्या वर्षांत पुणें जिल्ह्यांतील व अन्य भागांतील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. तो संग्रह लाखाच्या वर गेला, आणि त्यांतील अनेक ओव्या पुढें त्या बायकांच्याच आवाजांत मुद्रित झाल्या. त्या ऐकतांना बाईच्या गळ्याबरोबर दुसऱ्या बायकांचे आवाज, घराबाहेरची चाहूल आणि क्वचित् जात्याची घरघर कानीं पडते. ती सर्व मिळून त्या घराची साक्ष आहे. जातें आज बहुतेक घरांतून गेलें आहे; ओवी म्हणणाऱ्या पिढीचे थोडेच गळे उरले आहेत. आणि नेमक्या याच वेळीं प्रत्येकाच्या खिशांतील टेलिफोनमध्यें देऊळ, सभागृह, दरी, गुहा असे डझनवारी निनाद आयते भरलेले असतात. आजीची ओवी मुद्रित करतांना नातवानें त्यांतला देवळाचा निनाद हौसेनें चढविला आणि तेवढेंच ठेविलें, तर ती ओवी ऐकावयास क्षणभर भव्य वाटेल. परंतु पन्नास वर्षांनीं ती ऐकणारास आजी कोठें बसली होती, दार उघडें होतें कीं लोटलेलें, यांतलें कांहीं एक कळणार नाहीं. साक्षीदाराच्या तोंडीं दुसऱ्याचे शब्द घातल्यासारखें तें होईल.

म्हणून घरीं ध्वनिमुद्रण करणारानें यंत्रास हात लावण्यापूर्वीं खोलीकडे पाहावें. फरशीवर सतरंजी किंवा गोधडी अंथरावी, पुस्तकांचें कपाट पाठीशीं घ्यावें, पंखा बंद करावा, मायक्रोफोन वीतभर अंतरावर ठेवावा. सॅबिनच्या गाद्यांनीं जें केलें तेंच काम या वस्तु करतात. गाणें आधीं जसें आहे तसें कोरडें उतरवून घ्यावें व एकदां पुरतें ऐकावें. मग प्रश्न विचारावा कीं हें गाणें कोणत्या जागेचें आहे. ओवी माजघराची, भूपाळी ओसरीची, अभंग मंडपाचा, भावगीत दिवाणखान्याचें. जागा ठरली कीं यंत्राच्या शेंकडों पर्यायांतून एकच उरतो. तो लावून, निनाद स्पष्ट ऐकूं येईपर्यंत बटण वाढवावें आणि मग तो वेगळा जाणवेनासा होईपर्यंत मागें आणावें. नंतर यंत्र एकदम बंद करून पाहावें. बंद करतांच गाणें एकाएकीं उघडें पडल्यासारखें वाटलें, तर प्रमाण बरोबर साधलें. कांहींच फरक वाटला नाहीं, तर निनादाची गरजच नव्हती. आणि बंद केल्यावर शब्द कळूं लागले, तर यंत्रानें गाण्यावर अतिक्रमण केलें होतें.

या तिसऱ्या प्रसंगीं यंत्र बंदच ठेवावें. सेवाग्रामच्या मैदानांत परत येणारा आवाज नव्हता, आणि तेथें म्हटलेल्या भजनांस तो कधीं उणा भासला नाहीं.